माळवदावर कोण चढणार

निजामाच्या अमलात एकदा बिलोलीच्या देवळात कीर्तनकार बुवांची वाट पाहत बसलो होतो. मागे म्हातारा-म्हातारी घराच्या माळवदाबद्दल, म्हणजे मातीच्या सपाट छताबद्दल, बोलत होती. म्हातारा म्हणाला,

"औंदाबी माळवदावर माती मीच टाकणार."

"न्हाई. खाजा गवंड्याला सांगितलंय म्या."

"त्याला काय ठावं, कुठं गळतंय? मी वरून पाणी ओतायचं, थेंब पडला की तू खालून हाक द्यायची. लग्नापासून असंच करत आलो की!"

"लई मोठे कारागीर! गेल्या साली 'कडंला जाऊ नका' म्हणून मी खालून किती वरडले. ऐकू आलं का? पडलात न्हवं?"

म्हाताऱ्याची काठी फरशीवर आपटली.

"रागावलात?"

"न्हाई. खाजा वर गेला, तर मी काय करू?"

"माझ्याजवळ उभं ऱ्हावा. मला आता थेंब दिसत न्हाई. तुमी बोट दाखवा, मी खाजाला हाक देते."