रोहण्याचं वादळ-निरीक्षण मंडळ

लक्ष्मणरावच कारणीभूत, दुसरं कोनी नाई! तुमाले सांगतो, रिटायर हेडमास्तर असो का ब्रह्मदेव, आभाय थांबते का कोनासाठी?

मागल्या फागुनात गारांनी उभा गहू झोपवला, तवापासून पश्चिमेकडे जरासा ढग दिसला का मी हातातलं काम टाकून आभायच पाहत बसतो. माय म्हने, "कालेज सोडलं, आता आभाय पाहून राह्यला!" पन रेडिओवर आयकलं होतं नं मी, का कुठंकुठं लोक मंडळ करून तुफानावर नजर ठेवतात... मंग आपल्याकडं काऊन नसावं? निघालो हुडकाले! सिंदीले कापसाच्या बाजारात गेलो. म्हनलं, या व्यापाऱ्यायचा कापूस उघड्यावर, हे आभाय पाहतच असतीन. शेट म्हने, "हम तो भाव देखते हैं बेटा!" केळझरले गेलो, तं पारावरचे म्हातारे पंचांग उघडून बसलेले. "यंदा पावसाच्या नक्षत्राचं वाहन बेडूक हाय, चिंता नाई." अहो, गारा फागुनात पडतात, तुमचा बेडूक मिरगानंतर येते! "तवरक बस, चहा पे." आभाय थांबते का?

घरी आलो तं बहीण म्हने, "दादा, गावातच हाय नं, लक्ष्मणरावाचं!" घ्या! काखेत कयसा आन् गावाले वयसा!

मंडळात मी एकटाच जवान, बाकी सारे बिनदाताचे. मले चढवलं पान्याच्या टाकीवर. आन् नियम काय? वरून वरडाचं नाई! मागं एकानं इटाभट्टीच्या धुराले तुफान म्हनलं, मंडळाची फजिती झाली. म्हनून खाली याचं, सभेत सांगाचं, अनुमोदन घ्याचं, मंगच मंदिराची घंटा.

परवा दुपारी टाकीवरून पाह्यलं... बाप्पा! हिरवट-काया ढग, पोटात गडगड! आमचा गहू कापून वावरात पडलेला, ताडपत्री घरी, माय एकटी. धावत उतरलो. डाव्या हाताले घर, उजव्या हाताले सभा. आन् मी उजवीकडं वयलो! नियम नं!

"काका, गारा येऊन राह्यल्या!"

लक्ष्मणराव म्हने, "आधी बस. मागच्या सभेचा वृत्तांत चालू हाय."

"अहो, ढग..."

"गारा का पाऊस? नीट सांग. असाच मोघम लिवत होता, म्हनून नापास झाला."

बबनराव म्हने, "दिशा पश्चिम का वायव्य?" झालं! त्याच्यावरच दोघं म्हातारे भांडले. वासुदेवराव हात वर करून म्हने, "माहं अनुमोदन हाय, पन 'संभाव्य गारा' असं लिवा." अरे, आभाय थांबते का तुमच्या संभाव्यासाठी?

आन् टिनावर ताड्... ताड्... ताड्! सारे वर पाहाले लागले. लक्ष्मणरावानं चष्मा पुसला.

"हां. सर्वानुमते मंजूर. जाय, घंटा वाजव."

वाजवली नं! टाळक्यावर गारा झेलत वाजवली. माय ताडपत्री घेऊन वावरात पोचली, तवा झाकाले काई उरलंच नव्हतं.

काल परत सभा झाली. माह्या तत्परतेबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला, या खेपी अनुमोदन लगेच भेटलं.

आमचा गहू गेला. सारा.