सासऱ्यांच्या चिकट काडतुसांबाबत पुरवणी जबाब

माझे नाव लायल बर्ट्रम हॅगन, वय ४३, धंदा घरोघरच्या गॅसच्या टाक्या भरणाऱ्या ट्रकवर चालक, राहणार ओल्ड फेरी, टॅमरॅक कौंटी, मोंटाना. शेरीफ कार्यालयात आज मी आपण होऊन आलो आहे, मला कोणी बोलावलेले नाही. डेप्युटी श्रीमती रेनी व्हॅलकूर यांच्यासमोर बसून सांगतो ते पुढीलप्रमाणे. आत येताच मी त्यांना मधले दार लावून घ्यायची विनंती केली, कारण बाहेरच्या बाकावर माझे सासरे आणि माझी पत्नी मार्नी बसलेले आहेत.

माझे सासरे ऑर्विल स्टेनरुड, वय ७८, हे आमच्या घरच्या शिकारीची काडतुसे स्वतःच्या हाताने भरतात. झाडलेल्या पितळी पुंगळीला वंगण लावायचे, साच्यात दाबून ती मूळ मापावर आणायची, तळाला नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची आणि वर गोळी बसवायची. बंदुकीचा घोडा पडला की टोपीची ठिणगी दारूला लागते. हंगाम उघडण्याआधीच्या रविवारी जेवण झाले की ते प्रत्येकाच्या ताटाशेजारी काडतुसांची एक डबी ठेवतात, वर चिकटपट्टीवर नाव लिहून. शेजारच्या दोन घरांतही त्यांच्या डब्या जातात. आमच्यात दुकानातली काडतुसे कोणी घेत नाही. डबी त्यांच्यासमोर उघडून पाहायचीही नाही, कारण तसे पाहणे म्हणजे त्यांच्या हातावर शंका घेणे. लग्नानंतर पहिली काही वर्षे माझ्या ताटाशेजारी डबी नसायची. ज्या वर्षी आली, त्या वर्षी ते म्हणाले, "घ्या जावईबापू. आता नेम चुकला तर दोष तुमचा, आणि बार उडाला नाही तर माझा."

यंदा माझा मेहुणा डेल स्टेनरुड हा तेलाच्या विहिरींवरून उशिरा येणार होता, म्हणून त्याची डबी माझ्याच हाती दिली. घरी येऊन गॅरेजमध्ये मी दोन्ही डब्या उघडल्या. काडतुसे बोटांना चिकटत होती. वरचे वंगण पुसायचेच राहिले होते. एकाला सासऱ्यांच्या स्वेटरची हिरवी लोकर चिकटलेली होती. दर वर्षी ते खिडकीशी बसून फडक्याला थोडे स्पिरिट लावून एकेक काडतूस पुसताना मी पाहिले आहे. त्यांना मोतीबिंदू झाला आहे आणि ते डॉक्टरकडे जायला तयार नाहीत.

डेलची जीभ तिखट आहे. मागच्या वर्षी एका काडतुसावर ओरखडा दिसला तेव्हा तो भरल्या पंगतीत म्हणाला होता, "बाबा, पुढच्या वेळी डबीत तुमचा चष्मा पण भरून द्या!" सगळे हसले. सासरेही हसले, पण त्या दिवशी त्यांनी जेवणानंतरचा गोड ॲपल-पाय खाल्ला नाही. ही चिकट डबी डेलच्या हातात पडली असती तर त्याने त्यांची काडतुसे भरायची प्रेस त्याच संध्याकाळी उचलून नेली असती. डब्या सासऱ्यांकडे परत नेऊन, काडतुसे पुसायची राहिलीत, एवढे मी सांगू शकत होतो. कशी पुसायची ते तरी विचारू शकत होतो. मी दोन्ही केले नाही. म्हाताऱ्याची लाज राखतो आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मी स्वतःला सांगितले. खरे हे आहे की मला त्यांचीच लाज वाटली. आपल्याला डबी देणारा माणूस असा झाला, हे मला बघवत नव्हते.

माझ्या ट्रकवर गंजलेले नट सोडवायच्या तेलाचा फवारा असतो. केक भाजायच्या ट्रेमध्ये मी दोन्ही डब्यांतली काडतुसे मांडली, त्यांच्यावर तो फवारा चांगला भिजेपर्यंत मारला आणि जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी पुसली. अशी चकाचक झाली की दुकानातली वाटावीत. मला माझे कौतुकच वाटले. जिथे फट दिसतसुद्धा नाही तिथे हे तेल शिरते, आणि रोज मी ते त्याच गुणासाठी वापरतो. टोपीच्या कडेने ते आत उतरेल आणि ठिणगीच पडू देणार नाही हे मला कळायला हवे होते. ते माझ्या डोक्यातही आले नाही.

मागच्या शनिवारी सकाळी मी आणि डेल स्केली ओढ्याच्या वरच्या अंगाला होतो. डेलच्या कोटात मागच्या वर्षीचे एक काडतूस राहिले होते. आधी जुने संपवतो म्हणून त्याने ते घातले आणि एकाच बारात एल्क जातीचे मोठे हरीण पाडले. मग मी चमकवलेली काडतुसे त्याने बंदुकीत भरली आणि एल्कचे पोट साफ करायला बसला. मी दोर आणायला थोडा मागे गेलो होतो. रक्ताच्या वासावर ग्रिझली अस्वल झुडपातून निघून सरळ त्याच्याकडे आले. डेलने बंदूक उचलली. नुसते खट् झाले. त्याने दुसरे काडतूस पुढे घेतले. पुन्हा खट्. तो ओरडला, "लायल, मार ना!" मी चाप ओढला. माझ्याही बंदुकीत खट्च झाले. मी बंदूक फेकली आणि अस्वलांसाठी कमरेला ठेवलेला मिरचीचा फवारा घेऊन धावलो. माझ्या हातून झालेले तेवढेच काम वेळेवर झाले. अस्वल गेले. डेलची डोक्याची कातडी सोलली गेली आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. तो वाचला.

हॉस्पिटलमध्ये डेप्युटींनी मला विचारले की बार का उडाले नाहीत. "सांगता येत नाही," असे मी म्हणालो आणि त्याखाली सही केली. तो माझा पहिला जबाब खोटा आहे. कारण मी मारलेल्या तेलानेच हे झाले, हे मला हॉस्पिटलच्या वाटेतच कळले होते.

हॉस्पिटलच्याच व्हरांड्यात मार्नी तिच्या वडिलांवर ओरडली, "बाबा, किती वर्षं सांगतेय, सोडा ते काम! भाऊ गेला असता माझा!" सासऱ्यांनी डेप्युटींकडून एक काडतूस मागून घेतले. ते डोळ्यांजवळ नेले, मग नाकाजवळ नेले, आणि परत दिले. "माझ्याच हातची आहेत," ते म्हणाले. "डोळे गेलेत माझे. चूक माझी." मी तिथेच कॉफीचा कप घेऊन उभा होतो. कॉफी प्यायलो सुद्धा.

त्यानंतर शेजारच्या दोन्ही घरांनी आपापल्या डब्या सासऱ्यांच्या पायरीवर परत आणून ठेवल्या. दार कोणी वाजवले नाही. सासऱ्यांनी प्रेस बाकावरून सोडवली आणि कोठारात नेऊन तिच्यावर घोंगडी घातली.

आज त्यांना या कार्यालयात जबाबावर सही करायची आहे की दोष त्यांच्या भरण्यात होता. त्यांना आणायला आम्ही गेलो. मार्नी त्यांचा कोट शोधायला आत गेली तेव्हा ते ट्रकपाशी आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नट सोडवायचा तो फवारा अजून तोच वापरतोस?"

मी म्हणालो, "हो."

"वास ओळखू येतो त्याचा."

"बाबा, तुम्हाला हॉस्पिटलमध्येच कळलं होतं?"

"डोळे गेलेत. नाक नाही गेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी अठ्ठ्याहत्तरचा. माझं नाव गेलं तर जाऊन जाऊन किती दिवस? तुला त्या टेबलाशी डेलच्या समोर बसून थँक्सगिव्हिंगच्या सणाची अजून तीस जेवणं काढायचीत. आणि पुसायला विसरलो तो मीच ना?" मग त्यांनी माझ्या दंडाला धरले. "पण विचारून तरी पुसायचं होतंस रे, गाढवा."

मार्नी कोट घेऊन आली आणि ते ट्रकमध्ये बसले. इथे पोचल्यावर ते बाकावर बसून नंबराची वाट पाहू लागले. मी त्यांच्या आधी आत आलो.

तरी माझे म्हणणे असे की सदर काडतुसे चिकट होती, पण चांगली होती. ती निकामी मी केली. पायरीवर परत आलेल्या डब्या तशाच चिकट आहेत आणि त्यांना मी हात लावलेला नाही. त्या आणून त्यांतली काडतुसे झाडून पाहावीत. उडतील. माझ्या सासऱ्यांची सही घेऊ नये. डेलला मी स्वतः सांगेन, पण त्याला हा कागदही द्यावा, म्हणजे मला तिथे काही गाळता येणार नाही.

मधले दार लावायची जी विनंती मी सुरुवातीला केली ती मागे घेतो. दार उघडून हा जबाब वाचावा. सासऱ्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येते, तेव्हा मोठ्याने वाचावा.

त्याप्रमाणे दार उघडून मला जबाब वाचून दाखवला. माझ्या सांगण्यात आणि लिहिण्यात फरक नाही. वाचून झाल्यावर बाहेरून माझी पत्नी मार्नी हिचा आवाज आला, "पुन्हा वाचा." जबाब पहिल्यापासून पुन्हा वाचण्यात आला. दोन्ही वेळा तो बरोबर आहे.

सही: लायल बी. हॅगन
समक्ष: डेप्युटी रेनी व्हॅलकूर