तासाला चौदा हजार, दचकण्यासकट

...तासाला चौदा हजार, हो! चौदा! आणि तास म्हणजे आकाशातला तास नव्हे, तुम्हाला सांगते, इंजिन सुरू झालं की तास सुरू. जमिनीवर उभं राहा, घाम पुसा, देवाचं नाव घ्या... मीटर चालूच! बेंगळूरचं प्रवासी विमान यायचं असलं की आमचं चिमुकलं दोन सीटचं विमान कडेला उभं करतात. थांबा म्हणे. मोठ्यांना आधी. मग त्यातले लोक उतरतात, सेल्फी काढतात, कुणाची तरी पिशवी राहते, आणि मी आत पंखा फिरवत बसलेली, मीटर चालूच! ऑटोवाला तरी निदान तिसऱ्या मिनिटाला माझ्याकडे वळून बघतो.

आता तुम्ही म्हणाल, सांगितलं कुणी होतं? कुणी नाही! मी कुकरच्या शिट्टीला दचकणारी मुलगी. हसू नका, चौथ्या शिट्टीलासुद्धा दचकते. बी. एस्सी.च्या तोंडी परीक्षेत सर नुसते शिंकले तर मी उत्तर बदललं! भीती घालवायला पोहायला शीक, असं आई म्हणाली. तलाव दुरुस्तीसाठी बंद. मग मी विमान शिकायचा फॉर्म भरला. आता हा काही विचार आहे का? पण त्या वेळी अगदी सरळ वाटला हो.

आमच्या रुक्मिणीआत्या आमच्या केशवापुरातल्या घरी येऊन म्हणतात कशा, "दीपश्री, विमानाला रिव्हर्स असतो का गं?" म्हटलं, आमच्याला नाही. "अगो बाई! मग चुकून पुढे गेलीस तर?" तेव्हापासून मला झोप नाही.

शिकवायला कॅप्टन श्रीनिधी. देवमाणूस. पहिल्या दिवशी म्हणाले, "हेदरब्याडवा, घाबरू नको, विमान आपलं आपण उडतंय. तू फक्त मधी पडू नको." आणि मी नेमकी मधीच पडते! वेग फार कमी झाला की विमानात एक भोंगा वाजतो. सावध करायला असतो म्हणे. मला सावध? मी दोन्ही हात सोडून कॅप्टनचं मनगट धरलं. नखांसकट. आता ते मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. विमान सरळ होईस्तोवर तोंडातल्या तोंडात "अय्यो अय्यो" करतात, आणि मीटर चालूच!

शहाणी पोरं बारा-पंधरा तासांत सोलो करतात. म्हणजे कॅप्टन खाली उतरणार, आपण एकटं जायचं, एक फेरी मारून यायचं. माझे तेवीस तास झाले! आमचे अप्पा वकील. त्यांनी माझ्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडून पैसे भरले होते, त्यामुळे एके दिवशी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहूनच आणलं, "पंचवीस तासांच्या आत एकटीनं उडाली तर पुढचे पैसे. नाहीतर सोमवारपासून माझ्या ऑफिसात फायली लावणे." खाली आईची साक्षीदार म्हणून सही. आईची!

मग सोड ना बाई, असं तुम्ही म्हणणार. सोडवत नाही हो. का ते सांगू? दर वेळी मी दचकते आणि विमान दचकत नाही. एवढंच. आमच्या घरी मी दचकले की सगळे दचकतात, बशी फुटते. हे यंत्र मात्र आपलं गुरगुरत जात राहतं. ते बघायला मी जाते. चौदा हजारांत.

तर शनिवारी सकाळी तेवीस तास चाळीस मिनिटं झालेली. कॅप्टननी विमान थांबवलं, दार उघडलं, उतरले. म्हटलं, सर, काही पडलं का? म्हणाले, "नाही. तू जा." आणि दार लावलं! चालू लागले! बाह्या वर करत!

मी गेले. कशी गेले ते विचारू नका. कॅप्टनचं वजन नाही, त्यामुळे विमान टुणकन वर. दचकले. मनगट शोधलं, रिकामी सीट. आता विमानतळाच्या टॉवरला कळवायचं. रेडिओवर तीनच गोष्टी बोलायच्या असतात, तू कोण, कुठं आहेस, काय करणार. पाठ होतं सगळं. बटण दाबलं. टॉवरमधल्या काकांचा तो शांत आवाज आला, आणि आमच्याकडे भांडायला आलेला माणूससुद्धा आधी कानडीत जे विचारतो तेच माझ्या तोंडून गेलं,

"सर, ऊटा आतेन्री? जेवण झालं का?"

सकाळचे साडेनऊ हो! आणि ते बटण दाबलं की सगळ्या विमानांना ऐकू जातं.

मग काका म्हणाले, "आतवा. झालं माझं. नी मोदल इळी, तू आधी उतर."

आणि मागून आणखी एक भारदस्त आवाज. बेंगळूरचं प्रवासी विमान! मला उतरू द्यायला त्याला वर घिरट्या घालत थांबवलं होतं. "मॅडम, हमारा नहीं हुआ. आप उतरिए, तो हम भी उतरें."

काय सांगू तुम्हाला... त्यांचं मीटर चालू! एकशे ऐंशी लोकांचं! मी इतकी हसले की दचकायचं राहून गेलं. भोंगा वाजला तर म्हटलं, वाज बाबा. विमानाचं नाक खाली केलं, वेग धरला, भोंगा गप्प झाला. मग टेकले. उडाले. टेकले. परत उडाले. टेकले. कॅप्टन धावत येऊन म्हणाले, "तीन लँडिंग, पैसे एकाचे!" आणि बादलीभर पाणी डोक्यावर ओतलं. पहिल्या सोलोला ओततात, रीतच आहे. बादली समोर दिसत होती, तरी किंचाळले.

अप्पा कुंपणाशी उभे. तोंडावर ऊन, हातात उघडी छत्री, डोळे ओले. म्हणाले, "जिंकलीस. आता थांबलीस तरी मान खाली नाही. बास करायचं?"

बघा, किती सोपं होतं! सुटका समोर उभी होती, छत्री घेऊन! आणि मी, ठिबकत, काय म्हणावं? "अप्पा, लायसनला अजून सोळा तास लागतात."

अप्पांनी मनातल्या मनात गुणाकार केला. दिसत होता.

"लग्नाच्या ठेवीत काही उरत नाही मग."

म्हटलं, "नोंदणी पद्धतीनं करू. दोन हार, चार साक्षीदार."

अप्पांनी छत्री मिटली. म्हणाले, "साक्षीदार तीनच लागतात. चौथ्याचा चहा वाचेल."