शेवटच्या पदाचं चिन्ह

श्रुती : नको काकू, चहा नको. आधी मला बोलू द्या. ऐकल्यावर तुम्हालाच द्यावासा वाटणार नाही.

कुसुमताई : असं काय बोलतेस? सहा वर्षं ह्यांच्यासोबत भिंगांच्या कारखान्यात काम केलंस, आणि घरी आज पहिल्यांदा आलीस.

श्रुती : आज पण इथे छावनीत, तुमच्या गल्लीत, तीन चकरा मारल्या, तेव्हा कुठे दार वाजवलं.

बळवंतराव : बोलू दे तिला, कुसुम. क्या हुआ बेटा? मालकांनी, अपूर्व सरांनी काही म्हटलं?

श्रुती : नाही काका. गणपतीच्या वेळी ती ऑर्डर परत आली होती ना, डोळे तपासायच्या भिंगांची...

बळवंतराव : साठ भिंगं. विसरेन कसा? माझ्या हाताने वाया गेली. त्यापायी तर काम सोडलं.

श्रुती : तुमच्या हाताने नाही गेली. माझ्या गणिताने गेली.

बळवंतराव : मतलब?

श्रुती : ते भिंग साधं गोल नव्हतं. मध्यापासून काठाकडे जाताना गोलाई थोडी थोडी बदलायची होती. कुठल्या अंतरावर किती खोली, ते मी काढून मशीनला द्यायचं. मशीन तसं कापणार, मग तुम्ही पॉलिश करणार.

बळवंतराव : तीस वर्षं झाली पॉलिश करून, मालूम आहे. पुढे बोल.

श्रुती : गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमध्ये खोली उलट्या दिशेने मोजली होती. म्हणून सूत्रातल्या सगळ्या पदांची चिन्हं मला बदलायची होती. पहिल्याचं बदललं. शेवटच्याचं राहून गेलं. वजा होतं, वजाच राहिलं. त्याने मध्यावर काहीच फरक पडत नाही. पण काठाशी चाळीस मायक्रॉन.

कुसुमताई : म्हणजे किती?

बळवंतराव : अर्ध्या केसाची जाडी. मी तेव्हाच म्हणालो होतो, पॉलिशमध्ये इतकी काच जातच नाही.

श्रुती : म्हणाला होतात. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘काका, वय झालं की हाताचा दाब कळत नाही.’

कुसुमताई : ते तू म्हणालीस? मला तर ह्यांनी कधी सांगितलं नाही कोण बोललं ते.

बळवंतराव : सांगून काय करायचं होतं?

कुसुमताई : तिकडे पडाव भागात नसांच्या डॉक्टरकडे दोनदा नेलं मी ह्यांना. तो म्हणाला, हात एकदम ठीक आहे. तर हे मलाच समजावतात, शिकलेल्या लोकांनी मोजून सांगितलंय. तेव्हापासून दाढीसुद्धा स्वतः करत नाहीत. नाक्यावर न्हाव्याकडे जाऊन बसतात.

बळवंतराव : रहने दे.

कुसुमताई : का रहने दे? ऐकू दे तिला.

बळवंतराव : तुला कधी कळलं, बेटा?

श्रुती : ...दिवाळीत. जुनी फाइल उघडली तेव्हा.

बळवंतराव : होळी होऊन गेली.

श्रुती : हो.

कुसुमताई : मग आज कशी आठवण झाली?

श्रुती : तीच ऑर्डर पुन्हा आली, काकू. मी गुपचूप चिन्ह सुधारलं, भिंगं बरोबर निघाली. काल सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बळवंतराव गेले आणि काम सुधारलं.’ सगळे हसले. मी पण हसले. घरी येऊन जेवण गेलं नाही. दिवाळीतच सांगणार होते, पण त्याच आठवड्यात मला सेक्शन हेड केलं... सच में, माझीच मला शरम वाटते. माफ करा, काका.

बळवंतराव : माफी इथे का मागतेस? इथे आम्ही दोघंच आहोत. त्या दिवशी हॉलमध्ये किती माणसं होती?

श्रुती : बावीस.

बळवंतराव : तर मग तिथे सांग.

श्रुती : उद्या सकाळी सांगते. तुम्ही याल?

बळवंतराव : नाही. मी समोर असलो तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने बोलायला लावलं.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, फोनवर.)

श्रुती : काका, सांगितलं. फळ्यावर सगळं सूत्र लिहून दाखवलं, कुठे चुकलं ते. तुम्हाला काय बोलले होते, तेही सांगितलं.

बळवंतराव : मग?

श्रुती : मग सरांनी सेक्शन दुसऱ्याला दिला. बरोबरच केलं. ते स्वतः येतायत तुमच्याकडे, परत बोलवायला.

बळवंतराव : येऊ देत. मी विचार करून सांगेन.

श्रुती : माझ्यावर राग आहे ना तुमचा?

बळवंतराव : आहे.

श्रुती : कारखान्यात कोणाकडे मान वर करून बघवत नाही, काका.

बळवंतराव : वेळ लागेल. मी सात महिने मान खाली घालून बसलो, बेटा. आणि माझी तर चूकही नव्हती.