वाटीतलं पाणी

काकू, शिरपूर-मंगरूळपीरहून आलेले पाहुणे, अन् रुळावर भाऊंच्या हाताखाली राबलेले तुमी सगळे. बोलायले उभी राह्यली. भाऊ गेल्याचं नुसतं दुःख असतं त रडून मोकळी झाली असती. मले भेव वाटून राह्यलं.

भाऊंनी जन्मभर रेल्वेचे रूळ टाकले. रिटायर झाल्यावर बैठकीतला दिवाण बाहेर काढला अन् तिथं टेबलावर खेळण्यातली रेल्वे मांडली. काकू म्हणत, "पाहुणे आले त झोपवू कुठं, स्टेशनावर?" भाऊ हसत अन् कामटी घेऊन बसत.

बांबूची कामटी दोन्ही टोकांनी धरून वाकवायची. "पाह्य प्रज्ञा, हे एकदम वळत नाही. सरळ रेषेतून हळूहळू वळते. रूळ असाच वळला पाह्यजे, नाही त डबा झटका खाते." मी रेल्वेतली इंजिनियर, कॉम्प्युटरवर वळण काढणारी. दोघांचं वळण जुळलं की चहा.

मग परीक्षा. खेळण्यातल्या डब्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली इवलीशी वाटी. वळणावर पाणी सांडलं की कामटी पुन्हा हातात.

आपल्या गावाबाहेरचं वळण मी नव्यानं आखलं. उद्या सकाळी त्यावरून पहिली पॅसेंजर जाणार. मापं झाली, तपासण्या झाल्या, सह्या झाल्या. तरी भाऊंनी तेच वळण घरी मांडलं. फोनवर म्हणले, "उद्या ये. वाटी ठेवून पाहू." दुसऱ्या दिवशी मी आली तेव्हा दारात माणसं जमली होती.

मले नेहमी विचारत, "भेव वाटते का?" मी हो म्हटलं की म्हणत, "वाटू दे. गाडीत माणसं बसतात."

नव्या वळणावर पहिली गाडी आली की भाऊ माझ्या बाजूले उभे राहत. शेवटला डबा गेला की टोपी झटकून डोक्यावर ठेवत. तेवढ्यानं माझा जीव भांड्यात पडे. उद्या मी कोणाकडं पाहू?

हे टेबल काकूंनीच अंगणात आणवलं. वाटी त्याच भरतील. खेळण्यातलं पाणी उद्याच्या गाडीची हमी देत नाही, मले समजते. तरी पाहायचं आहे.

सगळे उभे राहा. गाडी वळण पार करेपर्यंत कोणी बोलू नका.

भाऊ, नमस्कार. सोडते गाडी.