मूळ ठिकाण: आना

अल्लाहचं नाव घेऊन उभी राहते. आजच्या निवृत्ती समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष हाजी मुफ्लेह, आपल्या वजनकाट्याचे व्यवस्थापक अबू रामी, व्यासपीठावरचे पाहुणे, वाळवंट तुडवून आलेले टँकरवाले बंधू आणि भगिनींनो,

आज आम्हाला एक भिंतीवरचं घड्याळ, एक उबदार अंगरखा आणि कुनाफ्याच्या मिठाईची दोन ताटं मिळाली. आभारी आहोत. पण आमच्या ह्यांनी, अबू घस्सानांनी, घड्याळाच्या खोक्याची दोरीसुद्धा सोडलेली नाही. का, ते सांगायला मी उभी आहे. ह्यांना चारचौघांत बोलता येत नाही.

सरहद्दीच्या रस्त्यावरच्या सफावीच्या या काट्यावर एकतीस वर्षं ह्यांनी इराकहून येणारं कच्चं तेल तोललं. ते येतं नेमकं कुठून, हे मला मात्र अजून कळलेलं नाही. कागद म्हणतो किर्कुक. शेजारीण म्हणते बसरा. माझा भाऊ शपथेवर सांगतो, ते अकब्याच्या बंदरात जहाजातून उतरतं. मॅट्रिक झालेल्या बाईने कोणाचं खरं मानावं?

त्यात रमजानआधी प्रत्येक टँकरमागे भरायचा नवा फॉर्म आला. एक रकाना होता, 'मूळ ठिकाण'. तेलाचं की माणसाचं, ते लिहिलेलंच नाही! आपल्याकडे माणूस भेटला की आधी काय विचारतात? ह्यांनी खिडकीतून टँकरवाल्या सब्तीला तेच विचारलं.

"काय रे सब्ती, मूळचा कुठला तू?"

"आम्ही आनाचे, काका. बापाचं घर धरणात गेलं."

"आमचं गाव बैत महसीर, तेही लढाईत गेलं. मीही जन्मात पाहिलेलं नाही," असं म्हणत ह्यांनी रकान्यात लिहिलं: आना.

आठवड्याने अम्मानच्या मुख्य कचेरीतून फोन. "अबू घस्सान, आना पाण्याखाली आहे! तिथून तेल काढता की मासे?"

"मूळ ठिकाण मागितलंत, मूळ ठिकाण लिहिलं," हे म्हणाले.

हसा, मीही हसले होते. मग कळलं, ठिकाण नसलेलं तेल म्हणून सब्तीचा टँकर सरहद्दीवर अडवला आणि त्याचा परवाना काढून घेतला. चार महिने झाले. ह्यांच्या प्रत्येक नमाजात आता सब्तीचं नाव असतं. चूक कुठली, लिहिणाऱ्याची की रकान्याची, माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. पण सब्तीची नाही, एवढं पक्कं.

अबू रामी, रागावू नका. 'चूक माझी' असं पत्र ह्यांनी सही करून तयार ठेवलंय. त्यावर शिक्का हवा. सकाळी तुम्ही म्हणालात, "समारंभानंतर बघू, उम्म घस्सान." समारंभानंतर ह्यांच्या सहीला विचारतो कोण? उद्यापासून अबू घस्सान म्हणजे नुसते घस्सानचे वडील.

शिक्का तुमच्या खिशात आहे, आणि पत्र हे माझ्या हातात.

एवढे सगळे वेळ काढून आलात, अल्लाह तुमचं भलं करो. बाईची जात असून भर सभेत जास्त बोलले असेन, तर पोटात घाला. आणि अबू दहाम, तुम्ही पहाटे टँकर घेऊन किर्कुकला निघताय ना? शिक्का बसला की पत्र सब्तीच्या हातातच द्या. परवाना मिळाला की त्याला उलट टपाली दोन ओळी पाठवायला सांगा. आमचा पत्ता पाकिटावर घातलाय.

मूळचा नव्हे, राहता.