पाणी कधी सोडायचं?

...आणि वर मलाच म्हणतात, "ताई, तुम्ही आमची प्रेरणा आहात!" प्रेरणा म्हणे! अहो, तुम्हाला सांगते, या प्रेरणेला सकाळपासून लघवीला जायचं असायचं आणि अख्ख्या स्टेडियममधल्या एकाही संडासाच्या दारातून तिची व्हीलचेअर आत जात नव्हती, त्याचं काय?

हसू नका! व्हीलचेअरच्या शर्यतीतली चॅम्पियन आहे मी. तीन चाकांची ती लांबुळकी खुर्ची हातांनी रेटून रेटून तळव्यांना असे घट्टे पडलेत की गरम पातेलं उचलायला फडकं लागत नाही. पण ट्रॅकवरून खाली उतरले की संपलं! इंजिनीअरना विचारलं, तर म्हणे, "मॅडम, रॅम्प दिलाय ना?" दिलाय की! थेट संडासाच्या दारापर्यंत दिलाय! आणि दार एवढंसं. म्हणजे जा, दर्शन घ्या, आणि परत या!

मग मार्ग एकच, पाणीच प्यायचं नाही. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळपासून घोटभरसुद्धा नाही. आई फोनवर ओरडायची, "अगं, आतून वाळून जाशील!" मी म्हणायची, "पदक आणते ना? मग?"

आणत होते हो. पण एका फायनलला शेवटच्या वळणावर दंडात असा काही गोळा आला... डोक्यावर ऊन, जीभ टाळूला चिकटलेली, डोळ्यांपुढे काजवे, आणि मागच्या पोरी सटासट पुढे! शेवटून पहिली आले. तर तो वार्ताहर विचारतो, "या पराभवातून काय शिकलात?" काय शिकणार, कप्पाळ!

तरीही गप्पच होते. सवय झाली होती ना! पण मग ती नवी मुलगी आली. भालाफेकीची, अपघातात दोन्ही पाय गेलेली, पण हातात काय जोर! पहिल्याच दिवशी खुर्ची माझ्याजवळ सरकवून हळूच म्हणते, "ताई, पाणी कधी सोडायचं? तेवढं शिकवा ना."

जणू भाला कसा धरायचा ते विचारतेय...

मी म्हटलं, "अजिबात सोडायचं नाही!" पण पिऊन जायचं कुठे, ते कुठे सांगता येत होतं? तिनं आपलं आपणच पाणी सोडलं. भर उन्हाळ्यात, शिबिरात. दवाखान्यात गेले तर पोर तापानं फणफणलेली, हाताला सलाईन. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय! कोणी शिकवलं हिला हे?" मी म्हटलं, "दारानं."

आणि पुढच्याच आठवड्यात माझा सत्कार! प्रमुख पाहुणे म्हणाले, "ताई, यशाचं रहस्य सांगा!" ओढला माइक. म्हटलं, "पाणी पीत नाही. संडासात शिरता येत नाही म्हणून." तर पाहुणे गहिवरले, "केवढा हा त्याग!" टाळ्यांचा कडकडाट! प्रेरणा म्हणे!

मग मात्र डोकंच फिरलं माझं. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या मॅनेजरसाहेबांच्या केबिनच्या दारात खुर्ची आडवी घातली आणि ब्रेक दाबले. साहेब आत, चहावर चहा झालेला. आधी गोडीगुलाबीनं, "ताई, प्रस्ताव वर पाठवलाय." मग जरा घाईनं, "ताई, मला मीटिंग आहे." मग नुसतंच, "ताई..." आणि या पायावरून त्या पायावर! मी म्हटलं, "साहेब, पाणी सोडा. होते सवय." बाहेर कारकून, माळी, शिपाई, सगळे तोंडाला रुमाल लावून! शेवटी घामाघूम होऊन नव्या संडासाच्या कागदावर केली सही.

आणि झाला हो, बांधून झाला! रुंद दार, धरायला दांडे, बसल्या जागी तोंड दिसेल असा आरसा. ती मुलगी बरी होऊन आली, अख्खी बाटली घटाघटा प्यायली, आत जाऊन आली आणि लाजून हसली. मेलं मला पदक घेताना कधी रडू आलं नाही, ते तिथे आलं, संडासासमोर!

आणि आता? सगळ्या स्टेडियममध्ये तेवढाच एक स्वच्छ आणि ऐसपैस! त्यामुळे मॅनेजरसाहेब तिथेच, कारकून तिथेच, पंच तिथेच! दारावर माझा फोटो, खाली ठळक अक्षरात 'प्रेरणा'! काल शर्यतीआधी गेले, तर ही लांबलचक रांग. म्हटलं, "अहो, माझी शर्यत आहे, सोडा ना मला पुढे!" तर पुढचे पंच मागे वळून काय म्हणाले असतील?

"तुमचं बरंय हो ताई, तुम्हाला निदान बसायला तरी आहे!"

...थांबले मग. बसूनच.